वडगावच्या घरात ५.१ साउंड कार्ड : दिवाळीपासून आषाढापर्यंतचा अनुभव

५.१ साउंड कार्डाच्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर अशा सहा वाटांनी आवाज देणाऱ्या कार्डाच्या, खोक्यावर ठळक छापलंय, सिग्नल-टू-नॉइज (म्हणजे खरखरीपेक्षा मूळ आवाज किती वर) १०६ डेसिबल. आमच्या वडगावात हा आकडा वाचून हसूच येतं. दोन घरं सोडून पलीकडे माग आहेत, सकाळी खटखट सुरू झाली की लाइट जाईल तेव्हाच थांबायची. सीडीच्या १६ बिट आवाजाचा पल्लाच मुळात ९६ डेसिबलच्या आसपास, आणि त्यातला निम्मासुद्धा या खोलीत दिवसा कानाला लागत नाही. त्यामुळे ‘आवाज स्वच्छ होतो का’ या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. दिवसा काही कळत नाही, रात्री माग थांबले की थोडं कळतं. निव्वळ तेवढ्यासाठी चार-साडेचार हजार घालू नका. माझ्या पैशाची वसुली झाली ती दुसरीकडून.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या दरातली ५.१ कार्डं गुणदोषांनी एकमेकांची भावंडंच आहेत, मी लिहितोय ते बहुतेकांना लागू पडेल.

आधी एक गोष्ट तपासा. मदरबोर्डला मागे तीनच जॅक असले तरी पुष्कळ बोर्डांवर ५.१ निघतं. हिरवा पुढच्या स्पीकरांना राहतो, निळा आणि गुलाबी सेटिंगमधून मागच्या स्पीकरांना आणि सेंटर-वूफरला देता येतो. माझ्या बोर्डावरही निघत होतं. पण निळा म्हणजे लाइन-इन, आणि तो गेला की टेप जोडायला जागा उरत नाही. तात्यांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी पेटीभर पडून आहेत, त्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या होत्या. टेपची वायर माइकच्या जॅकमध्ये खुपसून चालत नाही, तिथे सिग्नल आधीच वाढवला जातो आणि आवाज फाटतो. कार्डावर लाइन-इन, माइक, पुढचे, मागचे, सेंटर-वूफर असे पाच जॅक सुटे मिळतात. मला कार्ड घ्यावं लागलं ते यासाठी.

काही जुनी मंडळी अजून सांगतात की साउंड कार्ड लावलं की गेम पळतो, प्रोसेसरवरचा भार कमी होतो. एके काळी ते खरं होतं. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं आणि डायरेक्टसाउंडचा (गेमचा आवाज हाताळणाऱ्या विंडोजमधल्या सोयीचा) आवाज कार्डाच्या चिपकडून करून घ्यायची सोय विंडोजमधून गेली. तेव्हापासून हा हिशेब बहुतेक प्रोसेसरच करतो आणि कार्ड तयार आकड्यांचा आवाज करून सहा वाटांनी बाहेर सोडतं. गेमचा वेग माझ्याकडे होता तेवढाच आहे.

बसवणं सोपं. छोट्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये दाबायचं, स्क्रू मारायचा, वेगळी पॉवर लागत नाही. पुढच्या पॅनेलची हेडफोनची वायर बोर्डावरून काढून कार्डावर लावायला विसरू नका. माझा स्पीकर सेट आपल्याकडे सर्रास मिळतो तसला, मागे सहा पिनांचा, म्हणून एका टोकाला जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना अशा तीन वायरी घेतल्या. सेंटर आणि वूफरच्या पिना उलट लागल्या की सिनेमातली माणसं वूफरमधून घुमायला लागतात. टेस्ट टोन लावून एकेक स्पीकर ऐका. सॉफ्टवेअरमध्येही अदलाबदलीची खूण असते.

खरी मेहनत स्पीकर कुठे ठेवायचे यात आहे. शिफारस अशी की पुढचे दोन मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर. म्हणजे ते अगदी पाठीमागे नकोत, कानाच्या जरा मागे, बाजूला हवेत. आमची खोली लांबट आणि चिंचोळी. एका बाजूला दार, दुसरीकडे देवघर, कॉम्प्युटरचं टेबल भिंतीला. मागचे दोन्ही मी आधी पार शेवटच्या भिंतीवर टांगले होते, तेव्हा पुढचा आवाज एकीकडे आणि मागचा दुसऱ्याच खोलीत असल्यासारखा वाटायचा. पुढे ओढून खिडकीच्या गजांना बांधले आणि सगळं जुळलं. एवढ्या जवळ आल्यावर त्यांचा आवाज दोन-तीन डेसिबल उतरवावा लागतो, नाहीतर तेच डोकं खातात. मे महिन्यात दुपारी सिनेमात पाऊस लागला, तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, “पाऊस यायलाय की रे! गच्चीवर पापड हाईत न्हवं?” आणि जिन्यापर्यंत गेलीसुद्धा. एवढी पावती मला कुठल्याही मोजमापाने दिली नसती.

पण हा परिणाम खऱ्या ५.१ ट्रॅकवरच मिळतो. बऱ्याच डीव्हीडींवर तो असतो, प्लेअरमध्ये आउटपुट ५.१ निवडलं की झालं. गेम विंडोजचं स्पीकर सेटिंग बघून आपोआप सहा वाटा वापरतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गोष्टींना बऱ्याचदा दोनच चॅनल येतात. तिथे कार्डाचं सॉफ्टवेअर दोनाचे सहा करून देतं, आणि माझं त्याच्याशी जमलं नाही. क्रिकेटची मॅच असेल तर ठीक, प्रेक्षकांचा गलका मागे जातो, मजा येते. गाण्याला मात्र हात लावू नये. कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातले, १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मले. त्यांचं गाणं लावलं तर तानपुरे माझ्या पाठीमागे गेले आणि गळा पातळ झाला. गाणं ऐकताना सगळं बंद करतो, पुढचे दोनच स्पीकर चालू.

कॅसेटींचं काम झकास झालं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लाइन-इन निवडायचं आणि टेप सुरू करायचा. कॅसेटची स्वतःची खरखर एवढी असते की कार्डाचे १०६ डेसिबल इथेही फुकटच, पण पातळी हवी तशी धरता येते हे महत्त्वाचं. सुरुवातीला सलग ‘हूं’ असा घुमारा येत होता. टेप एका भिंतीच्या प्लगवर आणि कॉम्प्युटर दुसऱ्या, म्हणून. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले आणि तो गेला. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या त्या मात्र अर्थिंगच्या होत्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार वाळतो, वायरमनने मीठ-कोळसा नवा भरून पाणी घातलं तेव्हा त्या थांबल्या. घुमारा घालवायला प्लगची तिसरी पिन काढणारे लोक मी पाहिलेत, तसलं काही करू नका.

चीड आणणारी गोष्ट एकच, सॉफ्टवेअर. ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) अपडेट झाला की ५.१ चं सेटिंग गुपचूप दोन स्पीकरांवर येतं आणि ‘मागचे स्पीकर बिघडले’ असा घरात बोभाटा होतो. आता मी ड्रायव्हरची फाइल जपून ठेवलीय आणि अपडेट घेतच नाही.

हेडफोनमधला आभासी सराउंड, म्हणजे दोनच कानांत चहूकडून आवाज आल्याचा भास, भाच्याला आवडतो, खेळताना पावलं कुठून येतायत ते कळतं म्हणतो. मला सगळं बादलीत बोलल्यासारखं ऐकू येतं. कानाच्या ठेवणीप्रमाणे हे बदलतं, त्यामुळे दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नका.

घरी एचडीएमआयचा होम थिएटर रिसीव्हर असेल तर हे कार्ड घेऊच नका. ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयमधून सहा काय, आठ चॅनलही सरळ जातात. ऑप्टिकल वायरीवर भरवसा ठेवून घेणार असाल तरीही थांबा. त्या वायरीतून कॉम्प्रेस न केलेले दोनच चॅनल जातात. गेमचा ५.१ पाठवायचा तर कार्डावर डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट (आवाज चालू असतानाच तो दाबून, कॉम्प्रेस करून पाठवणारी सोय) लागतं, आणि या दराच्या कार्डांत ते सहसा नसतं. खोक्यावर नुसतं ‘डॉल्बी’ दिसलं म्हणून पैसे देऊ नका, हे शब्द पूर्ण छापलेत का ते दुकानदारासमोरच वाचून घ्या.