ट्युनिशियन क्रोशाच्या सुया: नऊ महिने वापरल्यानंतर

नऊ महिन्यांत माझ्याकडे ट्युनिशियन क्रोशाच्या सोळा सुया जमल्या. त्यांतली रोज हातात असते ती एकच: ६ मिमीची, लाकडी, मागे केबल, म्हणजे टाके मावायला लवचीक तार, लावलेली. नव्याने शिकणाऱ्या कुणाचे तरी उरलेल्या पंधरांचे पैसे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

साधा क्रोशा मला शाळेत असल्यापासून येतो. आईने शिकवला. साखळी, मुका खांब, खांब, तोरणं, टेबलावरचे रुमाल हे सगळं करून झालंय. दोन सुयांवरचं विणकाम मात्र कधी हातात बसलं नाही. मे महिन्यात धाकट्या बहिणीकडून गोड बातमी आली. तारीख डिसेंबरची, घर नाशिकला, म्हणजे बाळ ऐन थंडीत येणार. त्याच्यासाठी लोकरीचं दुपटं करायचं मी त्याच दिवशी ठरवलं. खांबांच्या विणीला भोकं राहतात, त्यांत बाळाची बोटं अडकतात. ट्युनिशियनची वीण दाट, अंगाला जड न होणारी आणि हातमागाच्या कापडासारखी दिसणारी, म्हणून ती शिकायला घेतली.

सुई निवडायची तर ही वीण चालते कशी ते आधी कळायला हवं. साध्या क्रोशात एक टाका पुरा झाला की सुईवर एकच वेढा उरतो, त्यामुळे सुई केवढीही आखूड चालते. ट्युनिशियनमध्ये ओळीचे दोन भाग. जाताना आधीच्या ओळीतल्या प्रत्येक उभ्या दांड्याखालून, म्हणजे टाक्याच्या पुढे दिसणाऱ्या उभ्या धाग्याखालून, सुई घालून एकेक टाका उचलायचा आणि सुईवरच ठेवायचा. वीस टाक्यांची पट्टी असेल तर ओळीच्या शेवटी सुईवर वीस टाके. मग येताना आधी एकातून आणि पुढे दोन-दोन टाक्यांतून धागा ओढत सगळे उतरवायचे. काम उलटायचं नाही, उजवी बाजू कायम आपल्याकडे. म्हणजे ही सुई एकाच वेळी क्रोशाचीही आहे आणि दोन सुयांपैकी एकीचंही काम करते. टोकाला आकडा, म्हणजे धागा ओढायचा हुक हवा, अंगावर सगळे टाके मावायला हवेत आणि ते न अडखळता सरकायला हवेत. हे तिसरं मला सगळ्यांत उशिरा कळलं, आणि आता विचाराल तर मी आधी तेच बघते.

पहिली चूक जाडीची. लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदावर ४ मिमीची सुई लिहिली होती, म्हणून मी तुळशीबागेतून ४ मिमीची लांब ॲल्युमिनियमची सुई आणली. तीस सेंटिमीटर लांब, मागे बोंड. चार-पाच ओळींत पट्टी पुठ्ठ्यासारखी कडक झाली आणि खालची कड गुंडाळत वर आली. मला वाटलं माझाच हात घट्ट. दोन आठवडे मी हात सैल करत बसले. दोष हाताचा नव्हता. या विणीत प्रत्येक ओळीत धागा दोनदा जातो, त्यामुळे त्याच लोकरीला साध्या क्रोशापेक्षा निदान दीड-दोन मिमी जाड सुई लागते. कागदावरचा आकडा यासाठी नसतोच.

नंतर मी एकाच फोर-प्लाय ॲक्रिलिक लोकरीचे वीस-वीस टाक्यांचे तीन तुकडे विणून शेजारी मांडले. ४ मिमीवर रुंदी साडेनऊ सेंटिमीटर आली आणि तुकडा दुमडायला घेतला की परत उभा राहायचा. ६ मिमीवर साडेबारा. मुठीत धरला की चुरगळायचा, सोडला की सावकाश उलगडायचा. ८ मिमीवर पंधराच्या थोडं वर, आणि उजेडाकडे धरलं की दांड्यांमधून पलीकडची खिडकी दिसायची. शालीला ८ सुरेख, बाळाच्या दुपट्याला ६. हा प्रयोग एका संध्याकाळी होतो. तो पहिल्याच आठवड्यात केला असता तर माझे तीन महिने वाचले असते.

एकही नवी सुई न घेता ही वीण करून बघता येते, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. घरातली साधी ॲल्युमिनियमची ५ किंवा ६ मिमीची क्रोशाची सुई घ्या, मागच्या टोकाला रबरबँड घट्ट गुंडाळा आणि दहा-बारा टाक्यांची पट्टी विणा. आवडली तर पैसे खर्च करा. अट एकच, सुईचं अंग आकड्यापासून शेवटपर्यंत सारख्या जाडीचं हवं. हल्ली मिळणाऱ्या रबरी मुठीच्या किंवा अंगठ्यासाठी चपटी जागा असलेल्या सुया साध्या क्रोशाला फार चांगल्या, मी अजून वापरते. इथे मात्र त्या चालत नाहीत. टाके त्या मुठीवर चढतात, ताणले जातात, आणि येताना ओळीत काही टाके मोठे तर काही लहान दिसतात.

आता सरळ लांब सुई. बोंडवाली ॲल्युमिनियमची ६ मिमीची मी जूनमध्ये घेतली आणि तिच्यावर बाबांसाठी तीस टाक्यांचा मफलर केला. तेवढ्या रुंदीला ही सुई छान. टाके भराभर सरकतात, देखभाल काही नाही, स्वस्तही आहे. पण तीस सेंटिमीटरच्या सुईवर आमच्या लोकरीचे पंचेचाळीस टाके आरामात बसतात, दाबून साठ. दुपट्याला मला एकशेवीस हवे होते. दुसरी अडचण वजनाची. विणलेलं कापड वाढत जातं तसं त्याचं वजन सुईच्या लांब दांडीवर लोंबतं आणि ते मनगट पेलतं. मफलरच्या शेवटच्या हातभर विणीला माझं उजवं मनगट रात्री ठणकायचं. ज्यांना आधीच मनगटाचा किंवा अंगठ्याचा त्रास आहे त्यांनी सरळ सुईवर रुंद काम घेऊच नये, हे मी अगदी कळकळीने सांगते.

मग ऑनलाइन बांबूच्या बारा सुयांचा संच मागवला, ३ ते १० मिमी, प्रत्येकीला मागे प्लास्टिकची नळी कायमची जोडलेली आणि टोकाला लाकडी मणी. सुमारे आठशे रुपयांत बारा. फोटोत फार देखणा. आल्यावर मी लगेच ६ मिमीवर दुपट्याचे एकशेवीस टाके घातले. जातानाची फेरी नीट झाली. येताना नळीवरचे टाके सुईवर चढवायची वेळ आली आणि तिथे गाडी अडली. नळी बारीक, सुई जाड, आणि दोघींच्या सांध्यावर बांबूची कड तशीच सोडलेली. प्रत्येक टाका त्या कडेवर थांबायचा. नखाने उचलून पलीकडे टाकला की पुढचा थांबायचा. एका ओळीला एकशेवीस वेळा. लोकरीचे तंतू निघून सांध्याभोवती पांढरी बोंडं धरली होती. सतरा ओळी झाल्यावर मी ते सगळं उसवलं.

संच टाकून दिला नाही. हार्डवेअरच्या दुकानातून अगदी बारीक पॉलिश पेपर आणला, सांध्याची कड गोल केली, आकड्याची आतली बाजू घासली आणि मेणबत्तीचं मेण चोळून जुन्या सुती कापडाने रगडलं. नळ्या गुंडी पडल्यासारख्या वाकड्या होत्या, त्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवून ताणून धरल्या. बारांपैकी सात सुया वापरण्याजोग्या झाल्या. ५.५ आणि ६ मिमी म्हणून आलेल्या दोन्ही सुया मोजपट्टीच्या भोकात घालून बघितल्या तर सारख्याच निघाल्या. सुयांची जाडी मोजायची भोकांची पट्टी मिळते, ती घ्याच. संच घेणार असाल तर आधी ती.

बांबूबद्दल आणखी एक. मी ठाण्यात राहते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे हवा ओली, हाताला घाम, आणि ॲक्रिलिक लोकर बांबूला चिकटल्यासारखी चालते. त्याच सुया नाशिकला नेल्या तर सुरळीत. उलट अगदी नवख्या हाताला ही पकड उपयोगी पडते, कारण टाके आपणहून सुईवरून घसरून जात नाहीत. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर पहिल्या दिवसांत माझे चार-पाच टाके एकदम सुटायचे आणि मग ते उभे दांडे शोधून परत उचलताना जीव रडकुंडीला यायचा. त्यामुळे बांबू वाईट असं मी म्हणणार नाही. जोड वाईट होता.

सप्टेंबरात शेवटी एकच चांगली सुई घ्यायची ठरवली. निटप्रो या आपल्या भारतीय कंपनीची, रंगीत लाकडी थरांची, मागे पेच असलेली ६ मिमीची ट्युनिशियन सुई आणि वेगळी केबल. दोन्ही मिळून बांबूच्या अख्ख्या संचाइतका खर्च आला, म्हणून आधी हात आखडला होता. पहिल्या ओळीतच फरक कळला. केबलचा धातूचा भाग सुईकडे निमुळता चढत जातो, त्यामुळे टाके कडेवर न अडता वर येतात. मी डाव्या हाताने दहा-दहा टाके एकदम पुढे ढकलते आणि नजर विणीवर ठेवते. कापडाचं वजन केबलवरून मांडीवर उतरतं. मनगट ठणकणं पंधरा दिवसांत थांबलं. सुई मी पेनासारखी न धरता सुरीसारखी, वरून धरते. लांब ओळीला तेच सोपं जातं.

केबल घेताना लांबीचा एक घोळ होतो, तो लक्षात ठेवा. पाकिटावर ८० सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्ष तार ५६ सेंटिमीटरचीच असते. तो आकडा दोन्ही बाजूंना विणकामाच्या सुया लावल्यावरच्या एकूण लांबीचा. आपण सुई एकाच बाजूला लावतो आणि दुसऱ्या बाजूला टाके अडवायला बूच. पंच्याहत्तर सेंटिमीटर रुंद दुपट्यासाठी मी १०० लिहिलेली घेतली, तिची तार ७६ सेंटिमीटर. कामाच्या रुंदीइतकी तार असली की टाके दाटीत बसत नाहीत. आणि पेच नुसता बोटांनी फिरवून ठेवू नका. केबलबरोबर छोटी पिन येते, ती पेचाच्या भोकात घालून आवळा. दर आठ-दहा ओळींनी एकदा तपासा. मी एकदा विसरले तेव्हा सुई सुटून तीस टाके मोकळे झाले होते.

कड गुंडाळली जाते ही तक्रार सगळ्यांची. जाड सुईने ती पुष्कळ कमी होते, पूर्ण जात नाही. साध्या टाक्यात पुढे फक्त उभे दांडे येतात आणि धाग्याची जाडी सगळी मागे साठते, म्हणून कापड पुढे वळतं. मी खालच्या चार ओळी उलट टाक्यांच्या, म्हणजे धागा पुढे ठेवून घातलेल्या टाक्यांच्या केल्या आणि शेवटी चारही बाजूंनी मुक्या खांबांची किनार. त्यानंतर इस्त्री कापडाला न टेकवता दोन बोटं वर धरून नुसती वाफ दिली. ॲक्रिलिकला इस्त्री टेकली तर ते कायमचं लुळं पडतं, तेव्हा आधी नमुन्याच्या तुकड्यावर करून बघा. तो तुकडा जपून ठेवण्याचं हेही एक कारण.

आकड्याकडेही बघा. फार बोथट असेल तर दांड्याखाली शिरत नाही, फार टोकदार असेल तर धाग्याचे पदर फोडतो. मला मध्यम टोकाचा, खोल गळ्याचा बरा पडला. विणकामाच्या सुलट टाक्यासारखा दिसणारा टाका घालताना सुई दोन दांड्यांच्या मधून थेट मागे काढावी लागते, तिथे बोथट आकडा फार छळतो.

दोन्ही टोकांना आकडा असलेली सुई माझ्याकडे आहे, सोळावी. ती गोल विणीसाठी आणि दोन रंगांच्या कामासाठी. पहिल्या वर्षात तिची गरज नाही.

खरेदीला जाताना नावांनी गोंधळू नका. अमेरिकेत याच क्रोशाला अफगाण म्हणतात, कारण तिकडे लोकरीच्या पांघरुणाला अफगाण हा शब्द आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी विणकामाच्या पुस्तकांत हीच वीण ‘त्रिको’ नावाने येते. ऑनलाइन शोधताना ट्युनिशियन आणि अफगाण दोन्ही टाकून बघितलं की जास्त सुया दिसतात. तुळशीबागेत मी नुसतं ‘बोंडाची लांब क्रोशाची सुई’ म्हटलं आणि दुकानातल्या काकांनी बरोबर ती काढून दिली.

दुपटं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुरं झालं, पिवळं आणि पांढरं, १०५ ओळींचं. बारशाला भाची त्यातच गुंडाळलेली होती. आतापर्यंत दहा-बारा वेळा धुऊन झालंय, कड सपाट आहे. त्या दिवशी आईने माझ्याकडून सुई मागून घेतली आणि पाळण्याशेजारी बसून चार ओळी विणल्या. तिचा हात माझ्यापेक्षा सैल, ६ मिमीवर तिचे टाके ढगळ आले. तिच्यासाठी ५ मिमीची मागवली आहे. केबल तीच, माझी.