‘दमास्कस’ चाकू आणि मोजके पैसे: फसवणूक नेमकी कुठे होते

पात्यावर लहरींची नक्षी, लाकडी मूठ, मुठीच्या बुडाशी काच फोडायचं टोक, ‘दमास्कस’ आणि ‘४४०’ असे दोन शिक्के, आणि हे सगळं छापील किमतीच्या चौथ्या हिश्शात. हातात पैसे मोजके असले की रोजच्या वापरासाठी घडीचा चाकू शोधणारा माणूस हमखास याच चाकूपाशी येऊन थांबतो. थोड्याच दिवसांत तो चाकू सुतळी कापायच्या ऐवजी चिरडायला लागतो आणि पुढे पातं मुठीत लटपटू लागतं. ही फसवणूक इतकी ठरावीक आहे की तिची एकेक पायरी उलगडून दाखवता येते.

आधी नक्षी. खऱ्या दमास्कस पात्यात दोन प्रकारच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेले असतात. आम्लात बुडवलं की एक पोलाद जास्त काळं पडतं, दुसरं कमी, आणि थर दिसू लागतात. म्हणजे नक्षी पात्याच्या आरपार असते. पातं उभं धरून त्याची पाठ बघा. खऱ्या पात्याच्या पाठीवर बारीक रेघा दिसतात आणि त्या बाजूच्या लहरींना जाऊन मिळतात. लेझरने किंवा आम्लाने वरवर छापलेल्या पात्याची पाठ कोरी असते, नक्षी कडेला अचानक तुटते आणि दोन्ही बाजूंना हुबेहूब तीच असते. पॉलिश पेपरने घासून नक्षी गेली म्हणजे पातं खोटं, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. घासल्यावर खरी नक्षीसुद्धा फिकी होते, पण फेरिक क्लोराइडसारख्या आम्ली द्रावणात बुडवल्यावर परत येते. छापलेली परत येत नाही. त्यामुळे घासत बसू नका, पाठ बघणं पुरेसं आहे.

आता शिक्का. ‘४४०’ हे एका पोलादाचं नाव नाही, ते कुटुंब आहे. ४४०ए मध्ये कार्बन साधारण ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०बी मध्ये ०.७५ ते ०.९५ आणि ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के असतो. धार किती टिकेल हे बरंचसं या फरकावर ठरतं. ज्याने खरोखर ४४०सी वापरलं आहे तो ‘सी’ लिहायला विसरत नाही. नुसतं ४४० लिहिलेलं दिसलं तर सर्वांत खालची प्रत गृहीत धरा. ‘सर्जिकल स्टील’, ‘जपानी पोलाद’, ‘स्टेनलेस’ हे शब्द तर कोणतीच प्रत सांगत नाहीत.

पण शिक्का खरा असला तरी काम भागत नाही, कारण पोलादाला पाणी कसं दिलं आहे ते शिक्क्यावर लिहिलेलं नसतं. स्टेनलेस पातं साधारण हजार अंशांच्या वर तापवून झटकन थंड करावं लागतं आणि मग मंद आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. स्वस्तात माल काढणारा नेमकी इथे वेळेची आणि इंधनाची काटकसर करतो, आणि पातं मऊ राहतं. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या पात्याचा कडकपणा रॉकवेल मापावर सुमारे ५६ असतो. हा आकडा काही फार मोठा नाही, तरी ते चाकू वर्षानुवर्षं चालतात, कारण प्रत्येक पात्याला तेवढं पाणी खरोखर दिलेलं असतं.

मग विक्रेता चुंबक काढतो. ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल स्टेनलेस!’ या एका वाक्याने चांगली जाणती माणसंही फसतात, म्हणून हे नीट समजून घ्या. चाकूचं पोलाद स्टेनलेस असलं तरी त्याला चुंबक चिकटतंच. ज्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही ते सहसा भांड्यांच्या जातीचं, ३०४ सारखं असतं. त्यात कार्बन नगण्य असतो आणि कितीही तापवून थंड केलं तरी ते कडक होत नाही. पोलादी म्हणून विकलेल्या पात्याला चुंबक चिकटलं नाही, तर तो चाकू खाली ठेवायचा.

त्यानंतर कागद कापून दाखवतात. कागद सर्रकन कापला जातो, आणि त्यात हातचलाखी काहीच नसते. मऊ पात्यालाही वस्तऱ्यासारखी धार निघते, फक्त ती टिकत नाही. घाईत धार लावली की कडेला पोलादाची तारेसारखी बारीक कड उभी राहते. कागद तीच कापते, आणि पहिल्याच जाड पुठ्ठ्यावर ती मोडून किंवा एका बाजूला वळून पडते. म्हणून आधी पुठ्ठ्याचे हातभर लांबीचे सात-आठ छेद घ्यायला सांगा आणि मग कागद मागा. कागद फाटायला लागला, तर कळायचं ते कळलं.

पातं जाड म्हणजे मजबूत, हाही असाच एक समज. पाठीला साडेतीन-चार मिलिमीटर आणि धारेच्या जरा वर पूर्ण एक मिलिमीटर जाडी असलेलं पातं पाचरीसारखं वागतं. गाजराच्या चकत्या पडत नाहीत, गाजर कटकन दुभंगतं. धारेच्या वर अर्धा मिलिमीटर किंवा कमी जाडी असेल तर साधं पोलादही छान कापतं.

इथवर पैशांचं नुकसान झालं. पुढचं बोटांचं आहे. अशा बहुतेक चाकूंत मुठीच्या आत पत्रा असतो आणि त्याचीच एक पट्टी पातं उघडल्यावर त्याच्या बुडामागे सरकून बसते. ती पट्टी बुडाच्या जाडीच्या किमान पाव भागावर सपाट टेकायला हवी. नुसती कोपऱ्याला टेकली असेल तर जोर पडल्यावर निसटते आणि पातं थेट बोटांवर मिटतं. पट्टी आत्ताच पलीकडच्या पत्र्याला भिडली असेल तर झीज सामावायला जागाच उरलेली नाही. तपासायला चाकू आपटू नका. पातं उघडा, मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरा की एकही बोट पात्याच्या वाटेत नसेल, आणि पात्याची पाठ लाकडावर हळूहळू दाबा, मग किंचित पिळत दाबा. जरा जरी सरकलं तरी परत करा. पातं डावीउजवीकडे हलत असेल तर मधला स्क्रू थोडा आवळून बघा. आवळल्यावर पातं जाम आणि सैल केल्यावर पुन्हा लटपट, असं होत असेल तर आतले वॉशर फाटलेले आहेत किंवा घातलेलेच नाहीत. मूठ वजनदार असण्याचंही अप्रूप नको. बऱ्याचदा ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम असतं आणि ते स्क्रूच्या भोकापाशी तडकतं.

पैसे कमी असतील तर ज्यात लपवायला जागा कमी असा चाकू घ्यावा. साधं पातं, साधी मूठ, निर्मात्याचं नाव आणि पोलादाची पूर्ण प्रत लिहिलेली. ओपिनेल ही फ्रेंच कंपनी १८९० पासून तोच लाकडी मुठीचा चाकू बनवते आणि १९५५ पासून त्याला पातं अडकवून ठेवणारी फिरवायची कडी आहे. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं. कार्बन पोलादाचं घेतलंत तर वापरल्यावर पुसून तेलाचं बोट फिरवावं लागेल, नाहीतर गंजतं. चाकू थोडा लहान घ्या, पण निसण्यापुरते, म्हणजे धार लावायच्या दगडापुरते, पैसे बाजूला ठेवा. बोथट झालेला चांगला चाकू निसण्याशिवाय काही कामाचा नाही.

पार्सल आल्यावर डाग न पडणाऱ्या तपासण्या आधी करा: पाठ, चुंबक, पट्टी, लटपट. पुठ्ठा त्यानंतर. पातं किती कडक आहे हे कळायला त्याच्या बुडाशी कानस फिरवून बघायची असेल तर परत करायची मुदत संपेपर्यंत थांबा, कारण एक ओरखडा दिसला तरी चाकू परत घेत नाहीत. आणि पैसे देण्याआधीच जाहिरातीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. त्या पानावरचं ‘दमास्कस पातं’ तक्रारीनंतर ‘दमास्कस नक्षीचं पातं’ करायला एक मिनिट पुरतं.