निकॉर २००–५०० : फिरती पाती फिरतीच दिसावीत म्हणून

सव्वादोन किलोंहून जड लेन्स विकत घ्यावी की भाड्याने आणावी, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात बडोद्याहून दोनदा एकता नगरला जाऊन आल्यावर माझ्यापुरता सुटला. लेन्स निकॉनची निकॉर २००–५०० मिमी एफ/५.६ व्हीआर (व्हीआर म्हणजे हाताचा कंप सावरणारी यंत्रणा), कॅमेरा घरचाच डी-७५००, आणि हेतू एवढाच की उडत्या हेलिकॉप्टरचा सांगाडा रेखीव यावा, पण त्याची पाती मात्र फिरताना दिसावीत. बडोद्यातच हरणीच्या विमानतळाला लागून हवाई दलाचे ठाणे असल्याने तेथे कॅमेरा काढण्याचा प्रश्नच नव्हता. बडोद्यापासून सुमारे ९० किलोमीटरवर, एकता नगरला, सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याभोवती, पर्यटकांना फिरवून आणणारे हेलिकॉप्टर त्याच त्या वाटेने पुन्हा पुन्हा घिरट्या घालते; एक फेरी हुकली तर पुढची मिळते, आणि सरावासाठी याहून सोयीची जागा आमच्या बाजूला मला तरी माहीत नाही.

पक्ष्यांची छायाचित्रे काढणारा माणूस सवयीने शटर १/१००० सेकंदावर ठेवतो आणि तेथेच फसतो. एमआय-१७ सारख्या मोठ्या हेलिकॉप्टरचा २१.३ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला सुमारे १९२ फेरे घेतो. म्हणजे १/१००० सेकंदात पाते एका अंशाहून जरासेच अधिक सरकते आणि चित्रात पाचही पाती गोठून, यंत्र दोऱ्याने टांगल्यासारखे दिसते. १/१२५ ला तेच पाते ९ अंश सरकते, १/६० ला १९ अंश, आणि पाच पात्यांची अखंड चकती हवी असेल तर १/१६ पर्यंत उतरावे लागते. लहान हेलिकॉप्टरचा पंखा अधिक वेगाने फिरतो. दोन पात्यांचे रॉबिन्सन आर-४४ मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते, म्हणून तेथे १/१२५ लाच १९ अंशांचा पट्टा मिळतो. पात्याच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या फार जवळ जाऊ द्यायचा नसतो, म्हणून पंखा जितका मोठा तितके फेरे कमी, हे एकदा ध्यानात ठेवले की प्रत्येक यंत्राचा आकडा पाठ करावा लागत नाही. शेपटीचा छोटा पंखा मुख्य पंख्याच्या कित्येक पट वेगाने फिरत असल्यामुळे तो १/५०० लाही धूसर येतो. मागचा पंखा फिरतो आहे आणि डोक्यावरचा थांबला आहे, अशी विचित्र छायाचित्रे आपण पाहतो ती यामुळेच. पूर्ण चकतीचा मोह मला स्वतःला नाही. पाते कोठून निघाले आणि कोठे पोहोचले हे कळेल इतकाच, वीस ते चाळीस अंशांचा पुसट पट्टा मला खरा वाटतो.

ही उजळणी मी दिवाणखान्यातच केली. आपला तीन पात्यांचा छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो, आणि ही लेन्स २.२ मीटरपासून फोकस करते, त्यामुळे खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या बाजूच्या पंख्यावर ती रोखता येते. ऐन थंडीत पंखा का लावला आहे, याचे घरच्यांना द्यावे लागलेले स्पष्टीकरण येथे देत नाही. पॅनिंगचा, म्हणजे हलत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवत नेण्याचा, सराव मात्र पंख्यावर होत नाही. त्यासाठी सूरसागर तलावाच्या काठी उभे राहून धावत्या रिक्षांमागे दोन संध्याकाळी लेन्स फिरवली.

आता लेन्सकडे येतो. डी-७५०० चा सेन्सर लहान असल्यामुळे ५०० मिमीची दृष्टी ७५० मिमीसारखी होते, आणि जितके मिमी तितकाच शटरचा छेद, या जुन्या ठोकताळ्याप्रमाणे हात स्थिर मानायचा तर १/७५० तरी हवे. आपल्याला हवे आहे १/६०. ही दरी व्हीआर बऱ्याच अंशी भरून काढते. निकॉन साडेचार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) दावा करते आणि स्थिर वस्तूवर तो मला अवास्तव वाटला नाही. परंतु व्हीआर हाताचा कंप सावरते, हेलिकॉप्टरची गती सावरत नाही. ते काम कमरेपासून वळणाऱ्या शरीरालाच करावे लागते. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असताना व्हीआरचा ‘नॉर्मल’ प्रकार आणि समोरून आडवे जात असताना ‘स्पोर्ट’ अशी विभागणी मला मानवली, कारण ‘स्पोर्ट’मध्ये व्ह्यूफाइंडरमधील चित्र उडी मारत नाही आणि हेलिकॉप्टर चौकटीत धरून ठेवता येते. १/१२५ ला निम्म्याहून अधिक छायाचित्रे ठेवण्याजोगी आली, १/६० ला दहांतले एखाद-दुसरे, आणि १/३० ला दिवसभरात एक. त्यातही ५०० मिमीवर काढलेली जवळजवळ सगळी पुसावी लागली. ३०० मिमीच्या आसपास आल्यावर हात बसला. त्यामुळे एवढ्या लांब पल्ल्याची लेन्स या कामासाठी हवीच का, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्त आहे.

खरी अडचण उन्हाची. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर १/६० ठेवले की अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/२० च्या घरात जाते; आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक. ही लेन्स एफ/३२ पर्यंत बंद होते, त्यामुळे छायाचित्र निघते खरे, पण इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरून रेखीवपणा जातो, आणि सेन्सरवर बसलेली धूळ निळ्या आकाशावर काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उभी राहते. पहिल्या फेरीतील माझे सर्वांत चांगले छायाचित्र अशा ठिपक्यांनी भरले होते. उपाय प्रकाश कमी करणाऱ्या एन.डी. फिल्टरचा: प्रकाशाचा आठवा हिस्सा आत सोडणारा एन.डी.-८ लावला की अ‍ॅपर्चर एफ/७.१ वर येते आणि ही लेन्स तेथे उत्तम वागते. मात्र या लेन्सला ९५ मिमी व्यासाचा फिल्टर लागतो. या मापाचा चांगला फिल्टर महाग मिळतो, आणि दुकानदाराने लेन्सबरोबर दिलेला फिल्टर इतका ओरखडलेला होता की सूर्याकडे जरा तिरके होताच सगळे चित्र दुधाळ होत असे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तिपाईच्या कड्यासह लेन्स २.३ किलोची, कॅमेऱ्यासह तीन किलो; अर्ध्या तासाने खांदा बोलू लागतो आणि थकलेल्या हाताने १/६० चे पॅनिंग होत नाही. मोनोपॉडने भार उतरतो, पण हेलिकॉप्टर डोक्यावर आले की तोच आडवा येतो. २०० पासून ५०० पर्यंत जाण्यासाठी झूमचे कडे बरेच फिरवावे लागते, म्हणून लांबी आधीच ठरवून ठेवलेली बरी. फोकस धिमा आहे असे म्हणतात. पक्ष्यांसाठी ते खरे असेल, हेलिकॉप्टरसाठी मला तो पुरला. आकाशाची पार्श्वभूमी असताना एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवावे, नाहीतर हेलिकॉप्टर काळे पडते. मागे डोंगर आले की ते लगेच मूळ जागी आणावे. मिररलेस कॅमेरा वापरणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवावे, अन्यथा पाती केळीच्या पानासारखी वाकलेली येतात.

वर्षातून चार दिवस लागणाऱ्या लेन्ससाठी मी कपाटात जागा करणार नाही. पुढच्या खेपेलाही ती भाड्यानेच आणीन. फिल्टर मात्र विकत घेतला आहे.