पुण्यातील एका बालहृदयरोग विभागाचा अनुभव

अंगणवाडीत आलेल्या आरोग्य पथकातील डॉक्टरांनी आमच्या साडेचार वर्षांच्या लेकीच्या छातीवर स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ ठेवला आणि तिथून आम्ही पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या बालहृदयरोग विभागात पोहोचलो. मुलगी खेळती होती, वरचेवर होणारी सर्दी सोडली तर काही तक्रार नव्हती. त्यामुळे ‘हृदयाला भोक आहे’ हे आमच्या पचनी पडेना.

या विभागाची खरी जमेची बाजू म्हणजे इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, खोली. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी आधी लेकीच्या बाहुलीला जेल लावून ‘तपासले’, मग लेक आपणहून झोपली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यातून डावीकडून उजवीकडे जाणारा लाल झोत आम्हालाही स्पष्ट दिसला. छिद्र 14 मिलिमीटरचे होते.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चार कप्पे काढून समजावले, की डावीकडचा दाब किंचित जास्त असल्याने फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त पुन्हा उजवीकडे आणि तिथून पुन्हा फुप्फुसांकडेच जाते. या फुकटच्या हेलपाट्यांनी हृदयाची उजवी बाजू फुगत जाते, आणि लहानपणी काही न जाणवता तिशी-चाळिशीत धाप आणि अनियमित ठोके सुरू होतात. अंगणवाडीत ऐकू आलेला आवाजही छिद्राचा नव्हता, तर वाढलेले रक्त फुप्फुसाकडच्या झडपेतून जातानाचा होता. आमच्या शेजारी बसलेल्या जोडप्याचे दोन महिन्यांचे बाळ मात्र दूध पिताना घामाने निथळत होते. त्याचे छिद्र खालच्या कप्प्यांमधले आणि मोठे होते. तिथे दाबाचा फरक फार असल्याने त्रास काही आठवड्यांतच दिसू लागतो, आणि उपचार लांबले तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या बिघडू शकतात, असे डॉक्टर त्यांना सांगत असताना आम्ही ऐकले. घाबरवणे नाही, गोंजारणेही नाही. ही बोलण्याची पद्धत मला आवडली.

उपचारांच्या खर्चासाठी आरोग्य योजनेचे अर्ज घेणाऱ्या योजना कक्षाबद्दल मात्र चांगले लिहिता येत नाही. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरील नावांत एका वेलांटीचा फरक होता, त्यापायी आणि आणखी एका त्रुटीपायी अर्ज दोनदा परत आला, आणि दोन्ही त्रुटी एकाच वेळी का सांगितल्या नाहीत, याचे उत्तर खिडकीवर कोणाकडेही नव्हते. नऊ दिवस गेले. बाहेरगावच्या माणसाने राहायचे कुठे, याचा विचार तिथे कोणी केलेला दिसला नाही.

छिद्राभोवती पडद्याची पुरेशी कड असल्यामुळे छाती उघडावी लागली नाही. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या बारीक तारांची, दोन चकत्या जोडल्यासारखी जाळी छिद्रात बसवली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चकती. तिसऱ्या दिवशी घरी सोडले.

डिस्चार्ज कार्ड संपूर्ण इंग्रजीत होते. सहा महिने अ‍ॅस्पिरिन, आणि तेवढ्या काळात दाताचे काम करायचे झाल्यास आधी अँटिबायोटिक, या दोन गोष्टी आजी-आजोबांनाही वाचता याव्यात म्हणून मी विनंती केली, तेव्हा वॉर्डातील सिस्टरनी त्या मागच्या बाजूला मराठीत, ठळक अक्षरांत लिहून दिल्या.