रुग्णालयाच्या स्वयंपाकघरासाठी स्वच्छता-प्रशिक्षण : वर्गात की ओट्यापाशी?

रुग्णालयातील स्वयंपाक कर्मचाऱ्यांना अन्नस्वच्छता शिकवायची ठरली की दोन पर्याय पुढे येतात : सर्वांना एकत्र बसवून दिवसभराचा वर्ग घेणे, किंवा पाळी चालू असतानाच ओट्यापाशी दहा-पंधरा मिनिटांचे धडे काही आठवडे देत राहणे. संगणकावरील अभ्यासक्रम हा तिसरा. नोंदी ठेवायला तो सोयीचा, पण हात धुण्याची सवय पडद्याकडे पाहून लागत नाही.

वर्गात कारणे नीट समजावता येतात. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, लिस्टेरिया मात्र फ्रिजमध्येही वाढत राहतो, आणि निरोगी माणसाचे जे दुखणे दोन दिवसांत ओसरते तेच केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, हे सांगायला निवांत वेळ हवा. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियसने तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही, हे कळल्यावर ‘परत उकळला की झाले’ असे कोणी सहसा म्हणत नाही.

मात्र ‘अन्न आतपर्यंत ७० अंशांना पोहोचले पाहिजे’ हे वर्गात बिनचूक सांगणारा माणूसच घाईच्या वेळी थर्मामीटर पातेल्याच्या कडेला बुडवून आकडा लिहून मोकळा होतो. ओट्यापाशी ही चूक तिथल्या तिथे सुधारते : बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर शून्य दाखवतो का ते पाहायचे, टोक निर्जंतुक करायचे, ते पातेल्याच्या मधोमध खोलवर धरायचे आणि आकडा स्थिरावल्यावरच नोंदवायचा. कच्च्या मांसाला लावलेल्या हातमोज्यांनीच फ्रिजची मूठ धरणारा हातही तिथेच थांबवता येतो.

ओट्यापाशी शिकवण्यात धोका एकच, पण मोठा : शिकवणाऱ्या पर्यवेक्षकाचीच सवय चुकीची असेल तर ती सगळ्या पाळीत पसरते. त्यामुळे पैसे आणि वेळ मोजकेच असतील, तर वर्ग पर्यवेक्षक व आहारतज्ज्ञांसाठी ठेवावा आणि बाकीच्यांना ओट्यापाशीच शिकवावे, असे माझे मत आहे. कंत्राटी माणसे वरचेवर बदलत असतील तर हा निर्णय आणखी सोपा होतो, कारण नवा माणूस पहिल्याच दिवशी अन्नाला हात लावतो, पुढच्या वर्गाची वाट पाहत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हींच्या आवाक्याबाहेरची आहे. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास अन्न हाताळू नये, हा नियम सर्वांना तोंडपाठ करून घेता येतो. पण त्या दोन दिवसांची मजुरी कापली जाणार असेल, तर आजारी माणूस काही न बोलता कामावर येतो.