४६५ की ५८७? प्रोग्राममधून मेल पाठवताना निवडायचा पोर्ट

होस्ट, युजर, पासवर्ड इथपर्यंत कुणाचं अडत नाही. अडतं ते पोर्टपाशी, म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या क्रमांकाच्या दारातून जायचं तिथे. ४६५वर पहिल्या बाइटपासून सगळं टीएलएसमध्ये, म्हणजे सांकेतिक भाषेत कुलूपबंद. ५८७वर बोलणं उघड्यावर सुरू होतं आणि सर्व्हरने स्टार्टटीएलएस, म्हणजे 'आता टीएलएस सुरू करू'ची सोय, देऊ केली की मग कुलूप लागतं. कुलूप दोन्हीकडे सारखंच मजबूत.

५८७ला नावं ठेवायची नाहीत. १९९७मध्ये टीएलएसवाल्या मेलसाठी मिळालेला ४६५ पुढच्याच वर्षी काढून घेतला होता, त्यामुळे जुन्या लेखांत ५८७च दिसतो. मायक्रोसॉफ्ट ३६५मधून पाठवायचं तर ४६५ चालतच नाही. जीमेल आणि अ‍ॅमेझॉनची मेल पाठवायची सेवा एसईएस दोन्ही पोर्ट घेतात. तिथे निवड आपली.

माझी निवड ठरली ती एका जावा प्रोग्राममुळे. पोर्ट ५८७, 'स्टार्टटीएलएस.इनेबल' ट्रू, मेल बिनबोभाट जात होते. लॉगमध्ये एकही एरर नाही. पॅकेट्स उघडून पाहिली तर युजर आणि पासवर्ड नुसते बेस६४मध्ये, म्हणजे कुणालाही वाचता येतील असे! मधला फायरवॉल सर्व्हरच्या उत्तरातून स्टार्टटीएलएसचा उल्लेखच पुसत होता, आणि सर्व्हर टीएलएसविना लॉगिन घेत होता. जावामेल या जावाच्या मेल लायब्ररीत 'इनेबल' म्हणजे 'मिळालं तर वापर'. सक्ती हवी तर 'स्टार्टटीएलएस.रिक्वायर्ड' वेगळं ट्रू करावं लागतं. नोड.जेएसच्या नोडमेलर लायब्ररीत 'रिक्वायरटीएलएस'चं तसंच. पायथनचं मेल पाठवायचं मॉड्यूल एसएमटीपीलिब इथे चांगलं वागतं: स्टार्टटीएलएस मागितलं आणि सर्व्हरकडे नसलं, तर सरळ एक्सेप्शन येतं.

४६५वर ही गुपचूप घसरण होऊच शकत नाही. टीएलएस जुळलं नाही तर पासवर्ड बाहेर पडायची वेळच येत नाही. त्याचाही एक जाच आहे. पायथनच्या साध्या एसएमटीपी क्लासने ४६५ला गेलात तर सर्व्हर टीएलएसची वाट पाहतो, प्रोग्राम सर्व्हरच्या पहिल्या ओळीची, आणि दोघंही थांबून राहतात. तिथे एसएमटीपी_एसएसएल हा क्लास वापरा, टाइमआउट द्या. तरी मला हे अडकणं परवडतं, कारण ते लगेच लक्षात येतं. उघडा गेलेला पासवर्ड वर्षानुवर्षं कळत नाही.

आरएफसी ८३१४ या २०१८च्या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजानेही मेल सोपवण्यासाठी सुरुवातीपासूनचं टीएलएस, म्हणजे ४६५, पसंत केलं आहे. तुमच्या सर्व्हरची अडचण वेगळी असू शकते, पण दोन्ही उघडे असतील तर मी ४६५ घ्या म्हणेन. पायथनमध्ये कोणताही पोर्ट घेतलात तरी डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट (टीएलएसच्या सेटिंग्ज) स्वतः बनवून द्या, नाहीतर सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र तपासलं जात नाही. आणि ५८७च नशिबी असेल, तर 'रिक्वायर्ड' ट्रू केल्याशिवाय प्रोग्राम पुढे देऊ नका.