फुकटची गे डेटिंग साइट, एक रुपया आणि माझं पूर्ण नाव

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यातल्या ज्या मुलांनी घरी काही सांगितलेलं नाही आणि रात्री सगळे झोपल्यावर फुकटच्या गे साइटवर कोणी भेटतंय का बघतात त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्यासोबत झालं ते अजून बऱ्याच जणांसोबत चालू आहे आणि घरी कळेल या भीतीने कोणी तोंड उघडत नाही, त्यावरच या लोकांचं फावतं.

साइट ब्राउझरवाली होती. अकाउंट उघडल्या उघडल्या धडाधड मेसेज, सगळे म्हणे ठाण्यातलेच, पण सगळे ब्लर, वाचायचे तर कार्ड नंबर टाका. असं दिसलं की तिथूनच बाहेर पडा, ते मेसेज कोणी माणसाने पाठवलेले नसतात. पण एकाने प्रोफाइलमध्येच टेलिग्राम आयडी लिहिला होता, त्याच्याशी बोलणं सुरू झालं.

बोलायला चांगला होता हो. "प्लेस आहे का", "फोटो पाठव" अशी घाई नाही, घोडबंदरचं ट्रॅफिक, आईने मुली बघायला सुरुवात केलीये, असं सगळं बोलायचा आणि मीही बोललो, कारण आपल्याला हे बोलायला दुसरं असतं कोण. मग एक दिवस म्हणाला, भाई इथे फेक लोक फार आहेत, तू खरा आहेस ना बघायला एक रुपया पाठव, मी लगेच दोन परत करतो. दोन रुपये आलेही. त्या एका रुपयात त्याला मिळालं काय, तर बँकेत आहे तसं माझं पूर्ण नाव, मधे वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव. ऐरोलीला आयटीत आहे हे गप्पांत आलेलंच होतं. एवढ्यावर लिंक्डइन सापडतं, तिथून इन्स्टा. आणि रुपया पाठवायचीही गरज नसते, यूपीआयला जोडलेला तुमचा मोबाईल नंबर यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला की बँकेतलं नाव समोर येतं. म्हणजे नंबर दिला की नाव दिलं, हे डोक्यात फिट करून घ्या.

नंतर व्हिडिओ कॉल. समोर अंधुक एक माणूस, चेहरा नाहीच. कॉल कट झाला आणि दोन स्क्रीनशॉट आले, एक माझा आणि दुसरा माझ्या इन्स्टाच्या फॉलोअर लिस्टचा, त्यात मावशी, चुलतभाऊ आणि मॅनेजरच्या नावाभोवती लाल गोल. खाली हिंदीत, "पंधरा हजार डाल, नहीं तो मौसी से शुरू करूंगा."

पैसे टाकले. टाकल्यावर थांबेल असं वाटतं, पण यांना एकदा कळलं की हा देतो की मागणी वाढतच जाते. मग "दिल्ली सायबर सेल"च्या साहेबांचा कॉल, डीपीला खाकी वर्दी, तुमच्यावर ३७७ (जुन्या दंड संहितेतलं, समलिंगी संबंधांना लावलं जायचं ते कलम) लागलंय, आज मिटवा नाहीतर उचलणार. धडधडीत खोटं आहे हे. दोन सज्ञान माणसांच्या संमतीने समलिंगी संबंध असतील तर तो गुन्हा नाही हे सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलंय, आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली तिच्यात ते ३७७ नाहीच. उलट गुन्हा त्याचा आहे, खंडणीचं कलम ३०८, सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे वाचलं आणि मी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. किती रक्कम, कधी, कुठल्या यूपीआय आयडीवर, ट्रान्झॅक्शन नंबर काय, एवढंच विचारलं. मी गे आहे का, हा प्रश्नच आला नाही. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवायचं असतं म्हणून हा फोन जितका लवकर तितका बरा, तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इनवर पण टाकता येते.

आता साइट कुठली वापरायची म्हणाल तर फुकट असण्यात वाईट काही नाही, ग्राइंडर, रोमिओ फुकटात चालतात. पण फुकटचा खर्च जाहिरातींतून निघतो, तुमच्या माहितीवर. परवानगी न घेता युजर्सची माहिती जाहिरातवाल्यांना दिली म्हणून ग्राइंडरला नॉर्वेने २०२१ मध्ये ६.५ कोटी क्रोनर दंड केला होता. म्हणून वेगळा ईमेल, टोपणनाव, आणि इन्स्टावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप डीपीला आहे तो फोटो इथे अजिबात नाही, कारण फोटोवरून शोध घेता येतो. खिडकीबाहेरचा टॉवर, सोसायटीचं गेट, ऑफिसचं आयडी कार्ड फोटोत येऊ देऊ नका. सेटिंगमध्ये जाऊन अंतर दाखवणं बंद करा, आपल्याकडे एकेका टॉवरमध्ये शंभर घरं, तिथे २० मीटर दिसलं की शेजारच्याला कळायला काय लागतं. आणि बंद केलं तरी प्रोफाइल जवळची आधी, लांबची नंतर अशाच क्रमाने लागतात, हे लक्षात असू दे. गप्पा अ‍ॅपमध्येच ठेवा. भेटायचं तर पहिल्यांदा तलावपाळीला, वाशीच्या मॉलमध्ये, जिथे गर्दी आहे तिथे, कोणाच्या रिकाम्या फ्लॅटवर नाही. तिथे आत गेल्यावर अजून चारजण येतात, फोन अनलॉक करायला लावतात, असेही प्रकार होतात.

आणि आत्ता या क्षणी कोणी धमकावत असेल तर रुपयाही देऊ नका, त्याला उत्तरही देऊ नका. ब्लॉक करायच्या आधी सगळ्या चॅटचे, नंबरचे, यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट घ्या आणि इन्स्टाची फॉलोअर लिस्ट लपवायला अकाउंट प्रायव्हेट करा. फोटो पसरायची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय नावाची साइट आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी, तुमचा फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त एक कोड जातो आणि फेसबुक, इन्स्टावर तोच फोटो कोणी टाकला तर तो ओळखून काढता येतो. एकट्याने पोलिसांत जायला धीर होत नसेल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट आहे, १९९४ पासून आपल्याच लोकांसाठी काम करतात, त्यांना फोन करून विचारा.